कळफलकाची कुळकथा

अकरावीला कॉमर्सचा फॉर्म भरला त्याच दिवशी इतिहास या विषयाने माझा निरोप घेतला. वाईट कोणालाच वाटलं नाही. पानिपतच्या पराभवाची सात कारणं पाठ करण्यापेक्षा घसारा काढायच्या दोन पद्धती पाठ करणं केव्हाही सोपं. पुढे बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि इतिहासाकडे बघायची नजरच लेजरची झाली. कोणी केलं, कधी केलं, किती केलं आणि व्हाउचर कुठे आहे? या चार प्रश्नांपलीकडे इतिहास नसतो असं माझं प्रामाणिक मत आहे. इतिहासकार मात्र तलवारींच्या मागे. भवानी तलवार कुठे आहे यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद होतात. पण ज्या हत्याराने आज निम्मा मध्यमवर्ग पोट भरतो, त्या कीबोर्डाचं घराणं कोणतं, हे विचारायला कोणाला सवड नाही. म्हणून हे काम एका कारकुनाने हातात घेतलं आहे.

संगणक हे मुळात एक खादाड पोर. त्याला सगळं पचतं, पण हाताने खाता येत नाही. कोणीतरी भरवावं लागतं. कीबोर्ड, माउस, स्कॅनर ही सगळी भरवायची साधनं. त्यांना मी चमचे म्हणणार होतो, पण बँकेत तो शब्द जपून वापरावा लागतो.

भरवायची सुरुवात झाली एका रेल्वेच्या तिकीट तपासनीसापासून. अमेरिकेत हर्मन हॉलेरिथ नावाचा एक तरुण इंजिनिअर जनगणनेच्या कचेरीत कामाला होता. तिथे १८८० साली माणसं मोजली, आणि त्या मोजणीचे तक्ते जुळवता जुळवता सात-आठ वर्षं गेली. म्हणजे पुढली जनगणना दारात उभी आणि मागलीची बेरीज अजून चालूच. (आमच्याकडे इयर एंडिंगला हा अनुभव दरसाल येतो, फक्त तो एका रात्रीत बसवावा लागतो.) हॉलेरिथ एकदा आगगाडीने जात असताना त्याने पाहिलं, की तपासनीस प्रत्येकाच्या तिकिटावर चिमट्याने ठरावीक जागी भोकं पाडतोय: केस फिके, डोळे काळे, नाक मोठं. एकाच्या तिकिटावर दुसऱ्याने प्रवास करू नये म्हणून ही तजवीज. नाकाचं वर्णन तिकिटावर भोकाने करता येतं, तर माणसाचं वय, धंदा नि गाव का नाही? हॉलेरिथने माणशी एक कार्ड केलं.

भोकांची कल्पना तशी त्याच्याही आधीची. फ्रान्समध्ये लिआँ शहरात १८०४ च्या सुमाराला जोसेफ जाकार याने मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे जोडले होते. भोक असेल तर सुई आत जाई आणि धागा वर उचलला जाई, नसेल तर नाही. आपल्याकडे साडीच्या दुकानात सेल्समन ‘जॅकार्ड बॉर्डर बघा, वहिनी’ म्हणतो ना, ते याच गृहस्थांचं आडनाव. संगणकाचा आणि साडीचा असा जुना घरोबा आहे. घरच्या मंडळींना मी हे सांगितलं तेव्हा ‘मग या दिवाळीला कोणती घ्यायची?’ असा प्रश्न आला. इतिहास घरी सांगू नये तो असा.

हॉलेरिथचं वाचनयंत्र तर गंमतीदार होतं. कार्ड ठेवायचं, दांडा खाली ओढायचा. वरून स्प्रिंगच्या टाचण्या खाली येत. जिथे भोक असेल तिथली टाचणी आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, विजेचं मंडळ पुरं होई आणि समोरच्या घड्याळासारख्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरके. वर घंटा वाजे. घंटा वाजली म्हणजे माणूस मोजला गेला. १८९० च्या जनगणनेत सहा कोटींहून जास्त अमेरिकन माणसं अशी पाऱ्यात बुडवून मोजली. हॉलेरिथने १८९६ मध्ये कंपनी काढली, १९११ मध्ये ती दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ साली त्या बिऱ्हाडाने नाव घेतलं आय.बी.एम.

पुढे १९२८ साली ऐंशी स्तंभांचं, चौकोनी भोकांचं कार्ड आलं आणि त्याने चाळीसेक वर्षं राज्य केलं. मोठमोठ्या हॉलमध्ये रांगेने पंचिंगची यंत्रं आणि त्यांवर बसलेल्या बायका. एक बाई कागद बघून कार्डाला भोकं पाडणार. मग तोच कागद आणि तीच कार्डं दुसऱ्या बाईकडे. तिच्यापुढे व्हेरिफायर नावाचं यंत्र. तिनेही सगळं पहिल्यापासून पुन्हा दाबायचं, भोकं मात्र पडणार नाहीत. यंत्र नुसतं ताडून बघणार. दोघींचं जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला यंत्र एक खाच पाडी. न जुळलं तर यंत्र अडून बसे. आज आमच्याकडे ‘मेकर-चेकर’ म्हणून जी पवित्र संस्था आहे, एकाने एंट्री करायची आणि दुसऱ्याने पास करायची, ती याच बायकांच्या घराण्यातली. फरक इतकाच, की त्यांची दुसरी बाई सगळं पुन्हा दाबत होती. हल्लीचे काही चेकर चहाचा कप खाली न ठेवता पास करतात. नावं घेत नाही, त्यांच्या सहीवर माझी रजा अवलंबून असते.

या कार्डांचं मोठं भय म्हणजे गठ्ठा हातातून पडणं. दोन हजार कार्डांचा प्रोग्रॅम जिन्यावरून सांडला की करणाऱ्याचं डोकंही बरोबर सांडे. म्हणून शहाणी माणसं गठ्ठा नीट लावला की त्याच्या वरच्या कडेवर पेनाने एक तिरकी रेघ मारून ठेवत. सांडला तर रेघ जुळवत बसायचं. कोट्यवधींच्या यंत्राचा विमा म्हणजे चार आण्यांची रेघ!

आता कीबोर्ड. त्याचा जनक ख्रिस्तोफर लॅथम शोल्स, राहणार मिलवॉकी. धंद्याने छापखानेवाला, संपादक, काही काळ आमदार, आणि (इथे मला भरून येतं) मिलवॉकी बंदराचा जकात अधिकारी. म्हणजे जात आपलीच. त्याने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं. सुरुवातीचा कीबोर्ड पियानोसारखा होता आणि अक्षरं बाराखडीच्या क्रमाने होती. त्या क्रमाची शिळी भाकर अजून आपल्या कीबोर्डच्या मधल्या ओळीत सापडते. बघा: डी, एफ, जी, एच, जे, के, एल. मधला ई आणि आय वरच्या मजल्यावर राहायला गेले, एवढंच.

हे यंत्र १८७३ मध्ये रेमिंग्टन कंपनीने उचललं. रेमिंग्टनवाले मूळचे बंदुका करणारे. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, बंदुकांना गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून शिवणयंत्रं करू लागले. त्यामुळे १८७४ साली पहिला टाइपरायटर बाजारात आला तो शिवणयंत्राचाच भाऊ: अंगावर रंगीत फुलं आणि ओळ संपली की कागद मागे आणायला खाली पायटा! अक्षरं फक्त मोठी. शिफ्टची कळ १८७८ मध्ये आली. शिवाय टाइप होत असलेली ओळ दिसतच नसे, अक्षरं कागदाच्या खालच्या बाजूने उमटत. लिहिणारा काय लिहितोय हे लिहिणाऱ्याला दिसू नये, ही सोय पुढे यंत्रातून गेली. सर्क्युलर लिहिणाऱ्यांत ती टिकून आहे.

आणि मग तो प्रसिद्ध क्रम: क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय. हा असा वेडावाकडा का? लहानपणापासून ऐकलेली कथा अशी, की जोडीने येणाऱ्या अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकत, म्हणून त्यांना मुद्दाम लांब ठेवलं. कथा छान आहे, पण ऑडिटला टिकत नाही. इंग्रजीत ई आणि आर ही जोडी पदोपदी येते, आणि ते दोघे कीबोर्डावर चाळीतल्या शेजाऱ्यांसारखे खांद्याला खांदा लावून बसलेत. २०११ मध्ये क्योतोच्या दोन जपानी संशोधकांनी मांडलं, की पहिली यंत्रं वापरणारे तारमास्तर होते आणि मोर्सची कडकट्ट ऐकता ऐकता टाइप करताना त्यांना जे सोयीचं पडलं त्यातून हा क्रम घडत गेला. मला हे पटतं. कचेरीतली कुठलीच गोष्ट कोणी योजून करत नाही; टेबलं सरकत सरकत जिथे थांबतात तिथे व्यवस्था होते. पुढे १९३६ मध्ये ड्व्होराक नावाच्या प्राध्यापकाने नवा, बोटांना कमी पळवणारा क्रम पेटंट करून घेतला. चांगला होता म्हणतात. पण तोवर सगळे जुन्यावर शिकलेले. पुढचं मला बँकवाल्याला कोणी सांगायला नको.

एक मात्र खरं, की या यंत्राने बायकांना कचेरीचं दार उघडून दिलं. त्या काळी इंग्रजीत ‘टाइपरायटर’ हा शब्द यंत्रालाही वापरत आणि ते चालवणाऱ्या बाईलाही. त्यामुळे ‘साहेबांनी टाइपरायटरशी लग्न केलं’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होतं.

आपल्या गावात हे यंत्र भेटे ते टायपिंगच्या क्लासात. मॅट्रिक झाल्यावर पोराचं काय करायचं हा प्रश्न आला की महाराष्ट्रातले वडील ‘निदान टायपिंगला तरी घाल’ म्हणत. माझ्या वडिलांनीही म्हटलं. एका वाड्याच्या माडीवर वीस यंत्रं एकदम सुरू झाली की खालच्या पिठाच्या गिरणीला लाज वाटे. सर बोटांवर फडकं टाकायचे, कळा दिसू नयेत म्हणून. मराठी यंत्राची तऱ्हा आणखी निराळी. तिथे ‘ख’ नावाचं सबंध अक्षर नसेच. अर्धा ख मारायचा आणि पुढे काना देऊन त्याला पुरा करायचा. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर मागून. म्हणजे ‘कि’ लिहिताना टोपी आधी यायची नि डोकं नंतर. पुढे १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक ठरवला: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आणि गंमत अशी, की भारतातल्या साऱ्या लिप्यांना क्रम एकच. मराठीत ‘क’ जिथे, बंगालीतही ‘क’ तिथेच. राष्ट्रीय एकात्मतेवर इतकी भाषणं झाली, पण प्रत्यक्षात ती आली ती उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, आणि कोणाच्या लक्षात आली नाही. कारण आपण सगळे अजून रोमन अक्षरांतच मराठी बडवतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण इथे माझं रोजचं गाऱ्हाणं आहे. शोल्ससाहेबांच्या सव्वीस अक्षरांत आपली नावं मावत नाहीत. ‘ण’ला जागा नाही, ‘ळ’ला नाही. आणि ‘ज्ञ’? ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस डी, एन, वाय असं लिहितो, हिंदी कारकून जी, वाय असं लिहितो आणि संस्कृत जाणणारा जे, एन असं. तिघेही बरोबर. पण यंत्राच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं, तीन वेगळ्या आया-बापांची. प्रत्यक्ष माउलींना आज खातं उघडायचं झालं तर भिंत चालवणं सोपं पडेल.

बँकांत ही यंत्रं आली तीही भांडत आली. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक इमारतीत शिरू नये म्हणून रात्रंदिवस पहारे दिले होते. बँकांत १९८३ मध्ये युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि लेजर पोस्टिंगची यंत्रं टेबलावर चढली. हे मी पाहिलेलं नाही. आमच्या शाखेतून निवृत्त झालेल्या एका हेडकॅशियरांकडून ऐकलेलं आहे. ते म्हणत, “अरे, आम्हांला वाटलं, हे यंत्र आपल्याला खाणार. रात्री झोप नव्हती.” वळणदार अक्षरासाठी जिल्ह्यात नाव असलेला हा माणूस कीबोर्डापुढे बसला की एकाच तर्जनीने अक्षर शोधत फिरे. अशा मंडळींना, मूळ आडनाव काही असो, शाखेत एकबोटे म्हणत. हसायला सोपं आहे. पण ज्या अक्षराच्या बळावर माणसाने तीस वर्षं मान मिळवला, त्या अक्षराला एका सोमवारी किंमत राहत नाही, हे त्याच्या टेबलावरून बघितलं तर हसू येत नाही. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी हाताने लिहिलेलं शेवटचं लेजर स्टोअररूममध्ये होतं. त्याला मी वाळवी लागू दिलेली नाही.

आमचा खरा संसार मात्र उजवीकडच्या आकड्यांशी. त्यातही घोळ आहे. कीबोर्डावर आणि कॅल्क्युलेटरवर सात-आठ-नऊ वर. फोनवर आणि ए.टी.एम.वर एक-दोन-तीन वर. कॅल्क्युलेटरचा क्रम बेरजेच्या यंत्रांकडून आला, १९१४ च्या सुमाराच्या संडस्ट्रँड यंत्रापासूनचा. फोनचा क्रम बेल प्रयोगशाळेने माणसं बसवून, त्यांची बोटं निरखून ठरवला आणि १९६३ मध्ये बटणांचा फोन आला. दोन खाती, दोन सर्क्युलरं, आणि मधे लटकलेला कारकून. दिवसभर एका क्रमाने आकडे दाबायचे आणि संध्याकाळी स्वतःचेच पैसे काढताना दुसऱ्या क्रमाने. ए.टी.एम.चे एक जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडी गुप्त क्रमांक होता, पण बायको म्हणाली मला चारच लक्षात राहतात, म्हणून चार ठेवले, असं तेच सांगत. जगातल्या बँकिंगचा एवढा मोठा निर्णय स्वयंपाकघरातल्या टेबलाशी झाला, याचं कुठल्याही विवाहित माणसाला नवल वाटणार नाही.

चेकच्या तळाशी ते चौकटी-चौकटीचे आकडे असतात ना, ते लोहाच्या शाईचे. यंत्र ते चुंबकाने वाचतं. बँक ऑफ अमेरिकेसाठी ही विद्या १९५० च्या दशकात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने काढली. आपल्याकडे ती १९८० च्या दशकात आली. नऊ आकडी क्रमांकातले पहिले तीन शहराचे, मुंबईचे चारशे, पुण्याचे चारशे अकरा. पुण्याला मुंबईपेक्षा अकरा जास्त का, हे पुणेकरांना विचारावं; ते सांगतील.

त्याच इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ साली डग्लस एंगेलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने लाकडाचा एक ठोकळा केला. खाली एकमेकांना काटकोनात दोन चाकं, वर एक बटण, मागे शेपटी. पेटंटात नाव लांबलचक, पण शेपटीमुळे सगळे उंदीर म्हणू लागले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दीड तास प्रयोग झाला आणि लोक अवाक झाले. त्याआधी १९५२ च्या सुमाराला कॅनडाच्या नौदलासाठी काम करणाऱ्यांनी पडद्यावरची खूण हलवायला गोळा वापरला होता, तो चक्क खेळातला, बोलिंगचा चेंडू. पण जगभर पसरला तो उंदीरच. ॲपल कंपनीने त्याचा परवाना सुमारे चाळीस हजार डॉलर्सला घेतला. १९८४ च्या मॅकिंटॉशबरोबर तो घरोघर जाऊ लागला, १९८७ ला पेटंटाची मुदत संपली आणि एंगेलबार्टला रॉयल्टी मिळाली शून्य. संस्थेत नोकरी करताना केलेला शोध संस्थेचा, असा नियम. ते २०१३ मध्ये वारले. आमच्या शाखेत दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा होते तेव्हा माउसवर मी आठवणीने फूल ठेवतो. कीबोर्डावर ठेवू देत नाही. हळदीकुंकू पाचच्या कळेखाली गेलं की महिनाभर कोणाचे पाच रुपये निघत नाहीत.

राहता राहिला अंगठा. कीबोर्ड नव्हता तेव्हापासून अंगठा आहे. ‘नि. डा. हा. अं.’ ही चार अक्षरं जुन्या व्हाउचरांवर किती वेळा वाचली असतील. याचंही घराणं आपल्याकडचंच: १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारावर सहीबरोबर पंजाच उठवून घेतला. पुढे हर्शेलच्या लक्षात आलं, की बोटाच्या रेषा वर्षानुवर्षं बदलत नाहीत. त्यानंतर दीडशे वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि शाईच्या पॅडची जागा लाल दिव्याच्या काचेने घेतली. २०१४ पासून पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही या काचेवर बोट ठेवून होतो.

आमच्या शाखेत दर नोव्हेंबरात एक आजी येतात. यजमान शाळेत शिपाई होते, त्यांच्यामागे कुटुंब-निवृत्तिवेतन. यजमानांच्या नावात तोच तो ‘ज्ञ’. सेवापुस्तकात एक, पासबुकात दुसरा आणि कार्डावर तिसरा. तो तिढा सोडवायला दोन वर्षं, पाच अर्ज आणि एक प्रतिज्ञापत्र लागलं. तोवर पेन्शन थांबलेली. आजी तेवढे दिवस कोणाकडे जेवल्या हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात काच अडली. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग आठही बोटं. पुसून बघितली, ओली करून बघितली, शिपायाने कुठूनशी खोबरेल तेलाची बाटली आणली. यंत्र दर वेळी तांबडा दिवा लावून नाही म्हणे. मागे रांगेत चुळबुळ.

आजींनी तळवे उलटेपालटे करून पाहिले. “राखेनं भांडी घासली रे बाबा, चाळीस वर्षं, चार घरची,” त्या म्हणाल्या. “रेषा त्यातच गेल्या असतील. बघ, मी आहे ना पण?”

“आहात, आजी,” मी म्हटलं. “बसा.”

कागदाचा दाखला अजून चालतो. ड्रॉवरमध्ये तळाशी चार फॉर्म होते. मॅनेजरांना बोलावलं, त्यांनी आजींना नीट बघून ‘समक्ष हजर’ असं लिहून सही केली. शाईचं पॅड मी पुढे सरकवलं, तर आजींनी ते बाजूला सारलं आणि माझ्या खिशातलं पेन मागितलं. यजमानांनी शिकवलेली सही होती. नाव, मग यजमानांचं नाव, ‘ज्ञ’ची गाठ सावकाश, पुरी बांधून. वेळ लागला. रांगेतलं कोणी बोललं नाही.

मग मी मेकर म्हणून एंट्री केली, चेकरच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवून पास करीपर्यंत हललो नाही.